चैत्री पौर्णिमा आणि क्रुसाचा आठवडा

चैत्र उजाडला की चांदवडच्या मुलखाला देवीचे वेध लागतात. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीच्या गडावर चैत्रोत्सव चालतो आणि खानदेशातील भाविक उन्हातान्हाची पर्वा न करता, खांद्यावर भगवे निशाण घेऊन पायी गडाकडे निघतात. आग्रा रोडलगतच्या डोंगरकपारीत बसलेली आपली रेणुकामाता, जिच्या मंदिराच्या उभारणीशी पुण्यश्लोक अहल्याबाईंचे नाव निगडित आहे, तिच्या पायरीवरही या दिवसांत माथा टेकणाऱ्यांची रीघ असते. पौर्णिमेच्या पहाटे हनुमानजन्माचा पाळणा होतो. हे सारे आपल्या घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. त्याची ओळख वाचकांस नव्याने करून देण्याचे कारण नाही.

परंतु याच पौर्णिमेकडे दृष्टी लावून आणखी एक समाज आपले सर्वांत पवित्र दिवस मोजत असतो, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानात असते. ख्रिस्ती लोकांचा नाताळ दरसाल एका ठरलेल्या तारखेला येतो. ईस्टर मात्र तसा येत नाही. वसंतसंपातानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर, असा त्यांचा दंडक आहे. इ. स. ३२५ मध्ये निकाया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हा सण सर्वत्र एकाच दिवशी व्हावा असे ठरविले, आणि पुढे त्यासाठी चंद्राची कोष्टके तयार झाली. येशूचा देहान्त यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास झाला, आणि तो सण चांद्रमासातील पौर्णिमेचा. म्हणून ही चंद्राची सोबत. त्यामुळे हे दिवस कधी आपल्या फाल्गुनी पौर्णिमेच्या तर कधी चैत्री पौर्णिमेच्या आसपास पडतात. २०२४ साली त्यांचा झावळ्यांचा रविवार आणि आपली होळी एकाच दिवशी आली. २०२६ च्या पंचांगात हनुमान जयंती आणि त्यांचा पवित्र गुरुवार या दोहोंची तारीख एकच, २ एप्रिल, आहे. एकाच चंद्राखाली एका घरी पाळणा हलतो आणि शेजारच्या घरी मरणाच्या आदल्या रात्रीचे जागरण होते.

या जागरणाविषयी, आणि त्यापुढच्या तीन दिवसांविषयी, आज येथे लिहावयाचे आहे. उत्सवाच्या पानावर हा विषय घेतल्याबद्दल काही वाचकांच्या भुवया उंचावतील, हे आम्ही जाणतो. ज्या घरात देव्हारा आहे, सोवळे आहे, कुळाचार आहे, त्या घराने परक्या धर्माच्या शोकदिनांशी काय म्हणून ओळख करून घ्यावी? प्रश्न रास्त आहे, आणि तो झिडकारून टाकण्याजोगा नाही. त्याच्यामागे इतिहास आहे. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्पकाळ वगळता, धर्मन्यायासन चालले. देवळे पडली, देव रातोरात नदीपलीकडे न्यावे लागले, आणि आजही कोकणातील कित्येक कुळांचे कुलदैवत मूळ गावी नाही. ही जखम ज्यांच्या घराण्यात आहे त्यांना ‘सर्व धर्म सारखेच’ असे एक वाक्य ऐकवून गप्प बसविणे हा शहाणपणा नव्हे. सर्व धर्म सारखे नाहीत. सारखे असते तर एकमेकांस समजून घेण्याचे श्रम कुणालाच पडले नसते.

मात्र त्याच गोमंतकात, त्याच काळात, एका परदेशी पाद्र्याने मराठी भाषेत जे केले तेही आपल्याच इतिहासाचा भाग आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, साष्टी प्रांतात राहिला, आणि १६१६ मध्ये राचोल येथे त्याचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. दहा हजारांवर ओव्यांचा हा ग्रंथ. धर्म बदलला तरी नव्या ख्रिस्ती मंडळींच्या कानातली पुराणाची गोडी गेलेली नव्हती. तीच ओवी, तोच श्रोत्यांशी संवाद, तेच ‘पुराण’ हे नाव त्याने घेतले आणि त्यात येशूचे चरित्र घातले. मराठी भाषेचे त्याने केलेले कौतुक आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. परंतु तो ग्रंथ त्याने गायिल्या जाण्यासाठी रचला होता, हे आपण विसरतो. पुढे १६५९ साली फ्रान्सिस्को वाझ द गिमारायंश या धर्मगुरूचे, येशूच्या दुःखभोगावर भर देणारे दुसरे एक पुराण निघाले. ते उत्तर कोकणच्या बोलीत होते, आणि वसई-साष्टीच्या ख्रिस्ती घरांतून उपवासकाळात ते गायिले जात असे. म्हणजे आपल्या आजीने पोथी लावावी तशीच त्यांच्या आजीनेही पोथी लावली. पोथीतील कथा निराळी. ती लावण्याची रीत आपलीच.

ती कथा तरी कोणती? चाळीस दिवसांच्या उपवासाच्या अखेरीस हा आठवडा येतो. पहिल्या दिवशी, झावळ्यांच्या रविवारी, येशू गाढवावर बसून यरुशलेमेत येतो आणि लोक झाडांच्या फांद्या हाती घेऊन त्याचा जयजयकार करतात. याच नगरीतला जमाव पाच दिवसांनी त्याच्या मरणाची मागणी करतो. गर्दीचा हा स्वभाव समजावयास कुणाला धर्मग्रंथ उघडावा लागू नये.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचे भोजन होते, आणि त्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतो. कॅथलिक चर्चमध्ये आजही त्या संध्याकाळी धर्मगुरू गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतो. आपल्याकडे पाय धुणे ही गोष्ट अपरिचित नाही. अतिथीचे पाय यजमान धुतो, गुरूचे शिष्य धुतो, आणि द्वारकेच्या राजाने आपल्या दरिद्री बालमित्राचे पाय धुतले ही सुदाम्याची कथा तर लहान मुलासही ठाऊक आहे. गुरुवारच्या कथेतला पेत्र नावाचा शिष्य संकोचाने नको म्हणतो. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्याला सोसवत नाही. सुदाम्यालाही तसेच वाटले असेल. परंतु ज्याने थोड्याच वेळापूर्वी त्याला विकण्याचा सौदा केला होता, तो यहूदाही त्या पंक्तीत होता, आणि योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे पाय धुऊन झाल्यावरच तो उठून बाहेर गेला. त्याचेही पाय धुतले गेले. या ठिकाणी वाचकाने किंचित थांबावे.

यहूदाला मिळाली ती चांदीची तीस नाणी. चांदवडच्या माणसाला चांदीच्या नाण्याची महती सांगावयास नको. होळकरांची टाकसाळ येथे होती, आणि ‘चांदवडी रुपया’ या नावाने तो जुन्या हिशेबांच्या वह्यांतून आजही भेटतो. बाजारपेठेच्या गावाला एक गोष्ट नीट कळते, ती ही की, केलेला सौदा पैसे परत केल्याने नेहमीच मोडत नाही. यहूदाला पश्चात्ताप झाला, तो ती नाणी घेऊन मंदिरात परत गेला, पण घेणाऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. नाणी त्याने तेथेच टाकली. आता ती नाणी देवाच्या खजिन्यात जमा करता येईनात, कारण ती रक्ताची किंमत होती. ज्यांनी ती मोजून दिली होती त्यांनाच आता ती विटाळाची वाटू लागली! अखेर त्यांतून कुंभाराचे एक शेत विकत घेण्यात आले, परक्यांना पुरण्यासाठी. पापात सहभागी व्हावयाचे आणि सोवळे मात्र मोडू द्यावयाचे नाही, या वृत्तीवर इतके मार्मिक भाष्य आमच्या वाचनात दुसरे नाही. आणि ती वृत्ती एका धर्माची मिरासदारी आहे असेही कुणी म्हणू नये.

भोजनानंतर गेथशेमाने नावाच्या बागेत येशू प्रार्थनेस जातो. शक्य असेल तर हे दुःखाचे पात्र माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नव्हे तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असा त्या प्रार्थनेचा आशय आहे. जवळच्या तिघांना तो केवळ जागे राहावयास सांगतो, आणि ते झोपी जातात. एकदा नव्हे, तीनदा. म्हणून ख्रिस्ती भाविक त्या रात्री चर्चमध्ये जागरण करतात. देवीचा जागर घालणाऱ्या, गोंधळ्यांच्या संबळावर रात्र काढणाऱ्या आपल्या मुलखाला जागरणाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. परंतु आपला जागर देवी जागी व्हावी म्हणून आहे, आणि हा जागर देव एकटा पडू नये म्हणून. भक्ताने देवाला सोबत करावयाची! विठ्ठल जनीबरोबर दळायला बसला, त्या नात्याची ही दुसरी बाजू आहे.

शुक्रवारविषयी प्रथम एक व्यवहाराची सूचना. त्या दिवशी अनेक सुशिक्षित लोक आपल्या ख्रिस्ती परिचितांना ‘हॅपी गुड फ्रायडे’ असे शुभेच्छासंदेश पाठवितात. त्यांत दुष्ट हेतू नसतो, केवळ अज्ञान असते. पण ते सुतकाच्या घरी पेढे पाठविण्यासारखे आहे. तो उपवासाचा आणि शोकाचा दिवस. कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी मिस्सा होत नाही. गुरुवारी रात्रीच वेदी उघडी करून वरची वस्त्रे काढून ठेवलेली असतात, घंटा मुक्या असतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दुपारी बारापासून तीनपर्यंत उपासना चालते, आणि क्रुसावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर एकामागून एक प्रवचने होतात. मारणाऱ्यांना क्षमा असो, हा त्यांतला पहिला. शेजारी टांगलेल्या चोराला आश्वासन, आईला शिष्याच्या स्वाधीन करणे, तहान लागल्याचे सांगणे, कार्य पूर्ण झाल्याचे सांगणे, आणि अखेरीस आपला आत्मा पित्याच्या हाती सोपविणे, हे इतर. या सर्वांच्या मधोमध चौथा उद्गार आहे आणि तो प्रश्न आहे : देवा, तू माझा त्याग का केलास?

आमच्या मते या आठवड्याच्या साऱ्या चिंतनाचे मर्म येथे आहे. हा प्रश्न स्तोत्रसंहितेतील एका प्राचीन स्तोत्राच्या आरंभीचा आहे. म्हणजे मरताना त्याने आपल्या पूर्वजांचीच प्रार्थना उच्चारली. देवाशी भांडणे, त्याला निष्ठुर म्हणणे, तो उत्तर देत नाही म्हणून आकांत करणे, हे आपल्या संतांनी केलेले आहे. नामदेवांनी केले, जनाबाईंनी केले, तुकोबांनी तर विलक्षण धीटपणे केले. ज्यांनी त्यांचे करुणेचे अभंग कंठी धरले आहेत त्यांना हा चौथा उद्गार परका वाटणार नाही.

तरीही जेथे वाट वेगळी होते ते ठिकाण दाखविले पाहिजे. ख्रिस्ती प्रार्थनेत पुनःपुन्हा येते ते हे की, माझ्या पापांसाठी त्याने मरण सोसले. आपण कर्माचा सिद्धान्त मानतो. ज्याचे त्याने भोगावे, एकाचे प्रायश्चित्त दुसऱ्याने घ्यावयाचे नाही, हे आपल्या रक्तात आहे. हलाहल पिऊन जगाला वाचविणारा नीलकंठ आपण पूजितो, परंतु त्याने आपले वैयक्तिक पाप फेडले असे आपण म्हणत नाही. हा भेद पुसून टाकण्याचे कारण नाही. ख्रिस्ती माणसाने तो पुसला तर त्याच्या शुक्रवारात काही उरत नाही, आणि आपण पुसला तर आपल्या गीतेत.

रेणुकेच्या सान्निध्यात राहणाऱ्या वाचकांपुढे आणखी एक विचार ठेवावासा वाटतो. आपल्या कुलदेवीची कथा हीसुद्धा पित्याच्या आज्ञेची, पुत्राच्या पालनाची आणि मरणातून परत येण्याची कथा आहे. जमदग्नींच्या आज्ञेवरून परशुरामाने मातेचा शिरच्छेद केला, आणि प्रसन्न झालेल्या पित्यापाशी पहिला वर मागितला तो माता जिवंत होण्याचा. त्याबरोबरच असेही मागितले की, आपला वध झाल्याचे तिला स्मरण राहू नये. महाभारताच्या वनपर्वात ही कथा आहे. किती कोवळा आहे हा वर! जखम तर भरावीच, पण जखमेची आठवणही नष्ट व्हावी. ईस्टरची कथा नेमकी उलट दिशेने जाते. तिसऱ्या दिवशी उठलेला येशू शिष्यांना भेटतो तो हातापायांवरील खिळ्यांच्या व्रणांसह, आणि विश्वास न ठेवणाऱ्या थोमाला तो ते व्रण दाखवितो. एका कथेत विस्मरण ही कृपा आहे, दुसऱ्या कथेत स्मरण हीच ओळख आहे. दोहोंपैकी श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही. ज्यांच्या घरी मोठे दुःख होऊन गेले आहे त्यांना दोन्ही वरांची गरज निरनिराळ्या दिवशी पडते.

शुक्रवारी सायंकाळी किंवा उपवासकाळातील इतर शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ ही प्रार्थना होते. न्यायालयापासून थडग्यापर्यंत चौदा स्थाने, आणि प्रत्येक स्थानी थांबून एक चिंतन. तीन वेळा तो क्रुसाखाली पडतो. एका स्थानी आई भेटते. एका स्थानी एक स्त्री पुढे होऊन त्याचे तोंड पुसते. यांतील काही प्रसंग शुभवर्तमानात नाहीत, ते भाविकांच्या परंपरेने जोडलेले आहेत, जसे आपल्या रामकथेत लोकांनी आपल्या मायेने कित्येक प्रसंग जोडले. या वाटेवर पुरुष शिष्य जवळजवळ दिसतच नाहीत. पळाले ते पुरुष, थांबल्या त्या बाया. आणि रविवारी पहाटे रिकामे थडगे प्रथम पाहिले तेही मग्दालेच्या मरियेने व तिच्या सोबतिणींनी. १९८६ साली लाखो शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन पाहिलेल्या चांदवडला, संकटात कोण मागे उभे राहते हे सांगणे नको.

हे सर्व आपल्या भाषेत आणून देणारी माणसे फार दूरची नाहीत. नारायण वामन टिळक हे मूळचे कोकणातले, पण त्यांचे शिक्षण नाशिकचे आणि सासुरवाड गोदाकाठच्या जलालपूरची. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पत्नी लक्ष्मीबाई त्या आघाताने कोसळल्या. सुमारे पाच वर्षे दोघे दुरावलेले होते, आणि त्या काळाचा काही भाग त्यांनी पंढरपुरात काढला. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरीही सोवळे एकदम सुटले नाही, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने तो धर्म घेतला. एका धर्मांतराने घरात काय काय मोडते हे ज्याला जाणावयाचे असेल त्याने ‘स्मृतिचित्रे’ वाचावे. त्यात कुणाचाही प्रचार नाही आणि कुणाविषयी विखारही नाही, आणि म्हणूनच ते मराठीतले थोर पुस्तक ठरले. टिळक स्वतः म्हणत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. त्यांनी कीर्तने केली, अभंग रचले. मराठी चर्चमधून गायिल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांच्या पदांचा मोठा वाटा आहे. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभिले, आणि ते अपुरे ठेवून १९१९ साली ते गेले. त्यातले पुढचे बहुतेक अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी, जिला लहानपणी कुणी अक्षरओळखही करून दिली नव्हती अशा स्त्रीने. त्याही १९३६ मध्ये गेल्या, आणि ग्रंथाचा शेवट पुत्र देवदत्त यांनी केला. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी तर समग्र बायबल सोप्या मराठीत उतरविले, अडाणी बायकांना समजावे म्हणून. आणि १९२२ च्या एप्रिलात, ईस्टर दहा-बारा दिवसांवर आला असता, त्यांनी देह ठेवला.

खेद याचा वाटतो की, हे धन आज दोन्हीकडून बेवारस होत चालले आहे. ख्रिस्ती तरुणांना इंग्रजी प्रार्थना जवळची वाटू लागली आहे, आणि आपण ‘ते त्यांचे’ म्हणून त्याकडे पाहत नाही. ओवी आणि अभंग मात्र दोघांचेही आहेत. ज्ञानोबा-तुकोबांची भाषा शोकाच्या या कथेला कशी पेलते, हे पाहण्यासाठी कुणी आपला धर्म सोडावा लागत नाही. महात्माजींनी १९३१ च्या डिसेंबरात रोम येथे क्रुसावरील येशूची मूर्ती पाहिली आणि ते हेलावून गेले. ते हिंदूच राहिले. विनोबांनी ‘ख्रिस्तधर्मसार’ सिद्ध केले. आग्रा रोडनेच पुढे असलेल्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर प्रवचने देणारे ते हेच विनोबा.

शनिवारचा दिवस निःशब्द असतो. रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटवून त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात, आणि तिच्या ज्योतीवरून सर्वांच्या हातातील मेणबत्त्या उजळत अंधाऱ्या चर्चमध्ये शिरतात. मुक्या घंटा त्या रात्री पुन्हा वाजतात. कित्येक मंडळ्यांत रविवारी सूर्योदयाची उपासना असते. नाशिकला शरणपूरच्या भागात ख्रिस्ती वस्ती एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेस दर फेब्रुवारीत आपल्यातील असंख्य लोक जातच असतात; तेव्हा हा रस्ता चांदवडकरांना नवा नाही. या पहाटे कुणाला जावेसे वाटल्यास परिचितांस आधी विचारावे, मागच्या बाकावर बसावे. प्रसादरूपी भाकरीचा जो विधी असतो तो त्यांच्या दीक्षितांसाठीच आहे. त्या वेळी आपण जागेवरून उठू नये. आपल्या गाभाऱ्याचे सोवळे जसे आपण जपतो, तसेच ते त्यांचे सोवळे आहे. उपासना संपली की मात्र बाहेर येऊन मोकळ्या मनाने शुभेच्छा द्याव्यात. त्या दिवशी त्या शोभतात.